पांढरा थर कशाचा? जुन्या वेबकॅमचा सूक्ष्मदर्शक आणि एका ग्रंथालयाचा निर्णय

पार्श्वभूमी

बडोद्याच्या जुन्या शहरातील एका मराठी संस्थेच्या सार्वजनिक ग्रंथालयात हे प्रकरण घडले. संस्थेचे व संबंधितांचे नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. वाचनाची गोडी लागलेल्या त्या काळात शहरातील मराठी घरांतून जमलेली मासिके, बांधीव खंड आणि थोडी मोडी कागदपत्रे पुढे अशा लहान संस्थांच्या कपाटांत येऊन पडली. या ग्रंथालयातही कापडी आणि चामडी पाठींचे काही शे खंड आणि हातकागदावरचे मोडी दफ्तर आहे. हा संग्रह तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटांत ठेवलेला होता.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा ग्रंथालयात पाणी शिरले नाही, पण मागच्या गल्लीत ते साचून राहिले आणि भिंतीने ओल धरली. दिवाळीच्या साफसफाईसाठी कपाटे उघडली तेव्हा बऱ्याच खंडांच्या पाठींवर आणि पानांच्या कडांवर पांढुरका, कुठे करडा थर दिसला. ग्रंथपाल ताईंनी साफसफाई तिथेच थांबवली आणि कपाटे बंद केली. पुढचे सारे शक्य झाले ते या थांबण्यामुळे, कारण फडके एकदा फिरले असते तर तपासायला काहीच उरले नसते.

प्रश्न

थर कशाचा आहे, यावर पुढची प्रत्येक कृती अवलंबून होती आणि संशयित चार होते. पहिला अर्थातच बुरशी. ती असेल तर खंड वेगळे काढायचे, खोलीतील आर्द्रता उतरवायची आणि कोरड्या हवेत, मास्क लावून, मऊ ब्रशने व अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळणीच्या व्हॅक्यूमने ती काढायची. दुसरा संशय भिंतीतून फुटणाऱ्या क्षारांचा होता. तसे असेल तर दोष पुस्तकात नसून भिंतीत आहे आणि पुस्तके कितीही पुसली तरी थर पुन्हा येणार. तिसरा संशय चामड्याच्याच चरबीचा. चामडे कमावताना आणि नंतर तेलपाणी करताना त्यात मुरलेले स्निग्ध पदार्थ कधी कधी पृष्ठभागावर येऊन पांढरे थिजतात. ते निरुपद्रवी असतात आणि मऊ कापडाने निघतात. चौथा संशय सर्वांत अप्रिय होता. कसर लागू नये म्हणून पूर्वी कपाटांच्या मागे गॅमेक्सिनची, म्हणजे बीएचसी या कीटकनाशकाची, भुकटी टाकत असत, अशी आठवण एका जुन्या कर्मचाऱ्याने सांगितली. भारतात या बीएचसीवर १९९७ पासून बंदी आहे, पण एकदा टाकलेली भुकटी फटींतून वर्षानुवर्षे राहू शकते. थर तिचा असेल तर ब्रश फिरवणे म्हणजे विष खोलीभर उडवणे.

नुसत्या डोळ्याला चारही सारखेच दिसत होते. घड्याळजी वापरतात तसल्या दहा पटींच्या भिंगातून थराचा पोत कळत होता, पण एकेकटा धागा किंवा कण सुटा दिसत नव्हता. दरम्यान कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांनी सगळ्या संग्रहाला ओव्याच्या फुलाची, म्हणजे थायमॉलची, धुरी देण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडच्या अभिलेखागारांत ही पद्धत पूर्वी सर्रास होती: बंद पेटीत खाली विजेचा दिवा, त्यावर थायमॉलची बशी आणि वर फळ्यांवर उघडी ठेवलेली पुस्तके. मात्र थायमॉलची वाफ माणसाच्या फुप्फुसांना त्रासदायक असते, काही शाया आणि रोगणे तिने मऊ पडतात, आणि थर क्षारांचा किंवा चरबीचा असेल तर तिचा काडीचाही उपयोग नाही. ताईंनी उत्तरासाठी महिन्याची मुदत मागितली आणि ती मिळाली.

कोणते मार्ग होते

नमुने प्रयोगशाळेकडे पाठवणे हा सरळ मार्ग होता आणि पुढे काही खंडांसाठी तो घेतलाही गेला. अडचण इतकीच की थर सगळीकडे एकच आहे असे गृहीत धरता येत नव्हते. एका खंडाचा अहवाल शेजारच्याला लावता आला नसता आणि प्रत्येक खंडाचा नमुना पाठवणे संस्थेच्या आवाक्याबाहेरचे होते. आधी चाळणी हवी होती.

एका महाविद्यालयातून संयुक्त सूक्ष्मदर्शक उसना मिळत होता. तो काचपट्टीवरच्या पातळ, पारदर्शक वस्तूंसाठी घडवलेला असतो: उजेड खालून येतो आणि दहा पटींच्या वस्तुभिंगाखाली जेमतेम काही मिलिमीटर जागा असते. हजार पानांचा चामडी खंड तिथे ठेवायचा कसा? ही हरकत खरी असली तरी पूर्ण नव्हती; त्याबद्दल शेवटी.

बाजारात मिळणारा तयार यूएसबी सूक्ष्मदर्शक एका सभासदाने आणून दाखवला. खोक्यावर ‘१०००×’ असे ठसठशीत छापलेले होते. अशा यंत्रात बहुधा वेबकॅमच्याच जातीचा संवेदक (चित्र टिपणारी चिप) असतो आणि खोक्यावरचा आकडा पडद्यावर चित्र किती मोठे दिसते यावरून काढलेला असतो. दोन कण वेगळे दिसण्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. घरगुती कुतूहलासाठी ही वस्तू वाईट नाही, आणि ज्याला हात काळे करायचे नाहीत त्याने तीच घ्यावी असे माझेही मत आहे. येथे ती बाद झाली ती उजेडामुळे. भिंगाभोवती कडे करून बसवलेले एलईडी दिवे थेट समोरून उजेड टाकतात, त्यामुळे पांढऱ्या कागदावरचा पांढरा थर सपाट होऊन जातो. उंचसखलपणा दिसण्यासाठी उजेड बाजूने, जवळजवळ कागदाला घासत यायला हवा होता. मोबाइलला चिमटीने लावायच्या भिंगाचाही विचार झाला, पण मोबाइल आपणहून फोकस बदलत राहतो, आणि आज एकाचा व उद्या दुसऱ्याचा मोबाइल वापरला तर माप कधीच स्थिर राहत नाही.

राहिला तो शेवटचा पर्याय. टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन सभांसाठी घेतलेला ७२० पी चा एक वेबकॅम ग्रंथालयाच्या खणात पडून होता. एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागातून निवृत्त झालेले एक सभासद, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “ताई, याची पुढची चकती हाताने फिरते, म्हणजे भिंग आट्यांचं आहे. हा उपयोगी पडेल.” स्वयंचलित फोकसचा कॅमेरा असता तर भिंग बारीक मोटरीत अडकलेले असते आणि काम अवघड झाले असते.

नळीची लांबी

वेबकॅमच्या भिंगाचे काम दूरची मोठी वस्तू जवळच्या छोट्या संवेदकावर उतरवण्याचे. तेच भिंग उलटे बसवले की जवळची छोटी वस्तू मोठी होऊन संवेदकावर पडते. भिंग आणि संवेदक यांतील अंतर वाढवावे तशी प्रतिमा वाढते. हे अंतर किती ठेवायचे हा या प्रकरणातील पहिला खरा निर्णय, आणि तो हौसेवर न सोडता कागदावर मांडून घेतला गेला.

भिंगाचे नाभीय अंतर सुमारे ४ मिलिमीटर होते. संवेदक साधारण ३.८ मिलिमीटर रुंद, त्यावर आडवे १२८० बिंदू (पिक्सेल), म्हणजे प्रत्येक बिंदू ३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अंतर १२ मिलिमीटर ठेवले तर प्रतिमा दुप्पट होते आणि १.९ मिलिमीटर रुंदीचा पट्टा दिसतो. २४ ठेवले तर पाचपट आणि पट्टा पाऊण मिलिमीटरचा. ४४ ठेवले तर दहापट आणि पट्टा ०.३८ मिलिमीटरचा. बुरशीचे धागे सामान्यतः २ ते १० मायक्रॉन जाडीचे असतात आणि जुन्या पुस्तकांवर नेहमी आढळणाऱ्या जातींचे बीजाणू २ ते ५ मायक्रॉनचे. दुप्पट प्रतिमेत तीन मायक्रॉनचा धागा दोन बिंदूंत संपतो आणि त्याची खात्री देता येत नाही. पाचपटीत तोच धागा पाच बिंदूंवर पसरतो, आणि धागा आहे, त्याला फाटा फुटला आहे, इतके निश्चित सांगता येते.

मग दहापट का नको? अध्यक्षांचा प्रश्न हाच होता. त्याला दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे भिंगाची स्वतःची मर्यादा. एफ २.८ चे भिंग उलटे लावले तर त्याचे संख्यात्मक द्वारक (भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करते याचे माप) सुमारे ०.१८ येते आणि हिरव्या उजेडात दोन मायक्रॉनपेक्षा जवळचे कण ते जवळपास वेगळे करू शकत नाही. स्वस्त प्लास्टिक भिंग तेवढेही करत नाही. त्यापुढे नळी लांबवली तर धूसर चित्र मोठे होते, एवढेच. दुसरे उत्तर उजेडाचे. प्रतिमा वाढते तसा संवेदकावरचा उजेड वेगाने घटतो: दुपटीच्या मानाने पाचपटीत चौपट उजेड लागतो आणि दहापटीत त्याच्याही तिपटीहून जास्त. शतकभर जुन्या शाईवर इतका झोत कोणी टाकू नये. म्हणून पाचपट ठरली. लॅपटॉपच्या सुमारे ३४ सेंटिमीटर रुंद पडद्यावर हा पाऊण मिलिमीटरचा पट्टा पसरतो तेव्हा वस्तू साडेचारशे पट मोठी दिसते. खोके छापायचे असते तर हाच आकडा छापता आला असता.

बांधणी

मागचा रबरी तुकडा उचकटल्यावर स्क्रू सापडले. भिंगाच्या १२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर कारखान्यात टाकलेला गोंदाचा थेंब पात्याने कापावा लागला. भिंग उलटे केल्यावर ते मूळ आट्यांत बसत नाही, कारण त्याचे तोंड रुंद असते. म्हणून घरातील वायरिंगला वापरतात त्या २० मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून त्याच्या टोकाला भिंग रबरी कड्यात बसवले. पाइपच्या आत काळा निस्तेज कागद गुंडाळला. तो नसेल तर आतील भिंतीवरून परतलेला उजेड चित्रावर दुधट झाक आणतो.

भिंगाच्या मागे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण अडवणारी छोटी काच चिकटवलेली होती. भिंग उलटल्यावर ती पुस्तकाच्या बाजूला येत होती आणि आधीच तोकडी जागा खात होती. काकांनी ती सोडवून पाइपच्या आत, संवेदकाजवळ बसवली. पांढऱ्या एलईडीत अवरक्त किरण नगण्य असतात, त्यामुळे ती टाकून दिली असती तरी फार बिघडले नसते. पण खोलीत जुना तारेचा दिवा कोणी लावला असता तर रंग जांभळट झाले असते आणि करडी बुरशी व पांढरी बुरशी हा फरकच हरवला असता. संवेदक उघडा असताना त्यावर पडलेला धुळीचा कण प्रत्येक छायाचित्रात त्याच जागी डाग म्हणून येतो. तो ओळखायची युक्ती सोपी आहे: पुस्तक किंचित सरकवायचे, जो डाग जागचा हलत नाही तो आपला.

खंड उभा करणे शक्य नव्हते, म्हणून तो फोमच्या पाळण्यात आडवा ठेवून त्यावर लाकडी पूल उभा केला आणि कॅमेरा पुलावरून खाली सोडला. फोकससाठी संपूर्ण कॅमेरा वरखाली करावा लागतो, आणि पाचपट प्रतिमेत स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १५–२० मायक्रॉन असते. ०.७ मिलिमीटर आट्यांच्या एम ४ बोल्टच्या माथ्यावर काकांनी लोणच्याच्या बरणीचे ७ सेंटिमीटर व्यासाचे झाकण चिकटवले. झाकणाची कड ३ मिलिमीटर सरकली की कॅमेरा सुमारे १० मायक्रॉन उतरतो. बोल्टातील ढिलाई स्प्रिंगने ताणून काढली. त्याखेरीज ताईंच्या आग्रहावरून एक अडसर-नट बसवला, ज्यामुळे भिंग पानाला कधीही टेकू शकत नाही. भिंग आणि पान यांत फक्त तीन-चार मिलिमीटर अंतर असल्यामुळे हा आग्रह योग्यच होता. संपूर्ण बांधणीत मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला भाग तोच.

उजेड आणि कॅमेऱ्याच्या खोडी

दोन लहान एलईडी दिवे पानाच्या पातळीपासून साधारण १५ अंशांवर, समोरासमोरच्या बाजूंना लावले आणि प्रत्येकापुढे ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरला. प्रत्येक जागेची दोन छायाचित्रे घ्यायची, एकदा डावा दिवा लावून आणि एकदा उजवा, असे ठरले. ज्याची सावली दोन्हीकडे पडते ते कागदाच्या वर आहे. ज्याची पडत नाही तो डाग किंवा शाई. पंखा बंद ठेवावा लागे, आणि गल्लीतून जड वाहन गेले की चित्र थरथरे, म्हणून बरेचसे काम दुपारी ग्रंथालय बंद असताना झाले.

पहिल्या चित्रांत हातकागदाच्या प्रत्येक तंतूच्या कडेने एक उजळ, बारीक रेघ धावताना दिसली आणि पाहणाऱ्यांनी ती बुरशी मानली. काकांना ती फार नियमित वाटली. कारण कॅमेऱ्यातच होते: चेहरे रेखीव दिसावेत म्हणून वेबकॅम आपणहून कडा तीक्ष्ण करतो आणि त्या भरात नसलेली रेघ काढतो. सेटिंगमध्ये शार्पनेस शून्यावर आणताच ‘बुरशी’ गेली. त्याच बैठकीत स्वयंचलित प्रकाशमान आणि रंगसमतोलही बंद केले. संकुचित चित्रात आठ-आठ बिंदूंचे चौकोन उमटतात आणि पाच बिंदूंचा धागा त्यांत तुटतो, म्हणून वेग सेकंदाला दहा चित्रांवर आणून असंकुचित चित्र घेतले. हा टप्पा गाळून कोणी थेट निष्कर्षावर गेले असते तर सगळाच्या सगळा संग्रह बुरशीग्रस्त ठरला असता आणि थायमॉलची पेटी पेटली असती.

माप

पोलादी पट्टीवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा या कामाला निरुपयोगी ठरल्या. पाऊण मिलिमीटरच्या पट्ट्यात एखाद-दुसरी खूण येते आणि खुणेची रेघच जाड असते. महाविद्यालयाकडून सूक्ष्मदर्शक घेतला नव्हता, पण त्यांची मापनपट्टी मात्र दोन दिवसांसाठी आणली: काचेवर एका मिलिमीटरचे शंभर भाग, प्रत्येक १० मायक्रॉनचा. एक भाग सुमारे १६ बिंदूंवर बसला, म्हणजे एका बिंदूला ०.६२ मायक्रॉन, जे कागदावरच्या ०.६ शी जुळत होते. इमेजजे या मोफत प्रणालीत हे प्रमाण एकदा नोंदवले की चित्रावर रेघ ओढून थेट मायक्रॉन वाचता येतात. नळी हलली तर प्रमाण बदलते, म्हणून पाइप आणि कॅमेरा यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची खूण केली.

ओळखीचे नमुने

मोठे दिसणे वेगळे आणि ओळखू येणे वेगळे. म्हणून मूळ खंडांना हात लावण्याआधी रद्दी हातकागदाच्या तुकड्यांवर माहितीचे नमुने तयार केले: शिळ्या पावावरची बुरशी, मागच्या भिंतीवरून खरवडलेले क्षार, बांधणीची वाळलेली खळ, टाल्कम पावडर, आणि निकामी चामड्यावरचा चरबीचा थर. काकांनी तुकड्यांना मागून आकडे घातले, ते पिसले आणि ताईंना कोणता कशाचा हे सांगायला लावले. बुरशी आणि चरबी ताईंनी प्रत्येक वेळी ओळखली. क्षार मात्र फसवे निघाले. भिंतीतून हळूहळू फुटलेले क्षार सुईसारखे लांब वाढतात आणि धाग्यासारखे दिसतात. फरक असा लक्षात आला की सुया सरळ असतात, त्यांना फाटे फुटत नाहीत आणि तिरप्या उजेडात त्या चमकतात. तरीही नुसत्या चित्रावर निर्णय द्यायचा नाही असे ठरले. क्षाराचा संशय आला तर ओलसर कापसाच्या बोळ्याने टोकाचा कण टिपायचा: विरघळला तर क्षार. चरबीचा संशय आला तर खरवडलेला कण काचेवर ठेवून किंचित ऊब द्यायची: वितळला तर चरबी.

तपासणीत काय दिसले

निष्कर्ष एकसारखा नव्हता. वरच्या फळ्यांवरच्या चामडी पाठींवर बहुतांशी चरबी होती: मेणचट, धागेविरहित, उबेने वितळणारी. भिंतीला टेकलेल्या खंडांच्या मागच्या कडांवर क्षाराच्या सुया होत्या. खालच्या दोन फळ्यांवरच्या कापडी खंडांत, विशेषतः खळ लावलेल्या सांध्यांजवळ, खरी बुरशी सापडली. तीन ते पाच मायक्रॉनचे, फाटे फुटलेले धागे आणि त्यांवर बीजाणूंची बोंडे. तिथेच पुस्तकी उवाही निघाल्या. हा फिकट किडा जेमतेम मिलिमीटरभराचा असतो, पण इथल्या पट्ट्यात तो मावतच नव्हता. पडद्यावर कधी नुसता पाय, कधी नुसते डोके येई, आणि मंडळाच्या सदस्यांनी सर्वांत जास्त वेळ पाहिले ते हेच. त्याचे महत्त्व मात्र वेगळे होते: तो बुरशीवर जगतो, म्हणून तो दिसणे हीच ओलीची साक्ष.

मोडी दफ्तराच्या काही रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, चौथा प्रकार आढळला. ओबडधोबड कण, धागे नाहीत, पाण्यात विरघळत नाहीत, सौम्य उबेने वितळत नाहीत. येथे सूक्ष्मदर्शकाची हद्द संपली. ताईंनी ते रुमाल जाड पिशव्यांत बंद करून खोलीबाहेर ठेवले आणि नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला; अहवालात बीएचसीचे अंश निघाले. बुरशी जिवंत आहे की सुप्त, हेही चित्रावरून सांगता येत नव्हते. धागा वाळलेला दिसला तरी त्याचे बीजाणू पुढच्या पावसाळ्यात उगवू शकतात. निवडक खंडांवरून फिरवलेले बोळे बुरशी वाढते का हे पाहण्यासाठी पाठवले, काहींत वाढ झाली, आणि अहवालाची वाट न पाहता सगळेच बुरशीग्रस्त खंड जिवंत बुरशीचे समजून हाताळले गेले.

निष्पत्ती

थायमॉलचा प्रस्ताव अध्यक्षांनी स्वतःच मागे घेतला; चित्रांसमोर बसल्यावर त्यांचा प्रश्न “धुरी कधी द्यायची?” ऐवजी “भिंतीचं काय करायचं?” असा झाला. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, बाहेरचा फुटलेला गिलावा दुरुस्त केला आणि खोलीत आर्द्रतामापक टांगला. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला रान मोकळे होते. ती ६० च्या खाली ठेवण्याचा नियम झाला. बुरशीचे खंड डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत, व्हरांड्यात, एन ९५ मास्क आणि हातमोजे घालून थोडे थोडे साफ केले. चरबीचे खंड नुसते पुसले. बीएचसीचे रुमाल अद्याप बंदच आहेत. त्यांच्या स्वच्छतेसाठी जुने कागद जतन करणारा प्रशिक्षित तज्ज्ञ हवा आणि तो खर्च मंजूर व्हायचा आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चिकटपट्टीचा नमुना. पारदर्शक चिकटपट्टी थरावर हलकेच टेकवून काचपट्टीवर चिकटवली की तोच थर संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली, खालून येणाऱ्या उजेडात पाहता येतो, आणि रंगद्रव्याचा थेंब दिला तर बुरशी फार स्पष्ट दिसते. ‘पुस्तक खाली मावत नाही’ ही हरकत त्यामुळे निम्मी गळून पडते. जीर्ण कागदावर चिकटपट्टी लावू नये हे खरे, पण चामडी पाठी आणि कापडी कव्हरे ती सोसू शकली असती. वेबकॅमने सर्वत्र चाळणी आणि मोजक्या जागी चिकटपट्टी, अशी जोडी असती तर महाविद्यालयाचा उसना सूक्ष्मदर्शक पहिल्याच आठवड्यात कामी आला असता.

दुसरे, विषाचा संशय यादीत पहिल्या दिवसापासून होता, पण हातमोजे मात्र मोडी रुमाल उघडल्यानंतर आले. पुढे कोणी असे काम घेतले तर क्रम उलटा असावा.

तिसरे भिंगाबद्दल. उलटे लावलेले वेबकॅमचे भिंग मध्यभागी चांगले आणि कडांना धूसर दिसते, आणि तीन-चार मिलिमीटरच्या फटीतून तिरपा उजेड आणणे ही कसरत आहे. शाळांच्या मोडीत निघालेल्या सूक्ष्मदर्शकाचे ४× चे वस्तुभिंग १६० मिलिमीटरच्या नळीवर बसवले तर खाली प्रशस्त जागा मिळते, कडेपर्यंत चित्र सारखे येते आणि स्पष्ट दिसणारी खोली जवळजवळ तिप्पट होते. मात्र त्याचे द्वारक ०.१० असते, म्हणजे साडेतीन मायक्रॉनच्या आतले कण एकमेकांत मिसळतात. क्षार आणि चरबी ओळखायला ते पुरेसे आहे, बारीक बुरशीला नाही. १०× चे वस्तुभिंग ही उणीव भरून काढते, पण जागा पुन्हा काही मिलिमीटरवर येते आणि पट्टा निम्म्यावर. काकांनी दुसऱ्या नळीसाठी ४× निवडले आहे, आणि बुरशीच्या शंकेसाठी जुनी नळी तशीच ठेवली आहे.